कॅबिनेटचा फॅन फिरत नाही : नवा घेण्यापूर्वी दोष शोधण्याचा क्रम

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत ज्या घरांत आणि कार्यालयांत मी दुरुस्तीसाठी संगणक उघडले, तिथे एकच चूक वारंवार दिसली. कॅबिनेटचा फॅन थांबला की लोक आधी नवा फॅन आणतात, तो जुन्याच हेडरवर (मदरबोर्डवर फॅनचा प्लग बसवण्याच्या पिनांवर) जोडतात आणि तोही फिरला नाही की मदरबोर्ड गेला असे धरून चालतात. प्रत्यक्षात फॅन आणि मदरबोर्ड यांच्या मध्ये दोष दडण्याच्या बऱ्याच जागा असतात : बायोसमधली (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली) सेटिंग, पात्यांत अडकलेली वायर, चुकीचे हेडर, सैल बसलेला प्लग आणि आपल्या किनाऱ्यावर विशेष करून पिनांवर चढलेला खार. यांतले बहुतेक दोष जवळजवळ फुकट दुरुस्त होतात. मात्र त्यांचा शोध ठराविक क्रमाने घ्यावा लागतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते, कारण एकदम दोन गोष्टी बदलल्या तर फॅन फिरू लागल्यावरही दोष नेमका कशात होता हे कळत नाही आणि महिन्याभराने तोच संगणक पुन्हा उघडावा लागतो.

पुढील मार्गदर्शन डेस्कटॉप संगणकासाठी आहे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या यंत्राला ते लागू करू नये.

## तयारी

स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, कॅमेरा असलेला मोबाईल, जुना पण मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, चिकटपट्टी आणि कागद-पेन एवढे साहित्य पुरते. मल्टीमीटर असला तर उत्तम, नसला तरी नव्वद टक्के काम होते. मदरबोर्डच्या मॉडेलचे नाव शोधून त्याची माहितीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर आधीच उतरवून घ्यावी, कारण कोणते हेडर कुठे आहे आणि त्यावर किती अँपिअरचा भार चालतो हे तिच्यातच खात्रीने मिळते.

कॅबिनेट उघडताना संगणक नीट बंद करावा, भिंतीवरचे बटण बंद करून प्लग बाहेर काढावा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरावे, म्हणजे एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) उरलेली वीज निघून जाते. पावसाळ्यात लाईट जाते-येते तेव्हा नुसते बटण बंद ठेवण्यावर विसंबू नये. प्लग बाहेरच काढावा. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला एकदा स्पर्श करावा.

इशारा : फॅनचा प्लग चालू संगणकावर काढू किंवा घालू नये. प्लग तिरका बसून शेजारच्या दोन पिना क्षणभर जोडल्या गेल्या तरी हेडर कायमचे जाऊ शकते.

## टप्पा १ : लक्षण नेमके लिहून काढा

“फॅन चालत नाही” एवढ्यावरून काहीच ठरत नाही. संगणक सुरू करून दोन मिनिटे निरीक्षण करावे आणि कागदावर लिहावे.

फॅन अजिबात हलत नाही, की सुरुवातीला किंचित झटका देऊन थांबतो? झटका देऊन थांबणाऱ्या फॅनपर्यंत वीज पोहोचत असते. तिथे बेअरिंग जड झालेले असते किंवा सुरू होण्यास लागणारा व्होल्टेज कमी पडत असतो. फॅन फिरतो पण पडद्यावर शून्य आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दिसते, तर फक्त गती कळवणाऱ्या तारेचा प्रश्न आहे आणि फॅन बदलण्याचे कारणच नाही. फॅन सतत पूर्ण वेगाने ओरडतो, तर दोष बहुधा सेटिंगमध्ये आहे. सगळेच फॅन एकदम थांबले असतील, तर ते सारे एकाच स्प्लिटरवर (एका हेडरवरून अनेक फॅनांना फाटे देणाऱ्या वायरीवर) किंवा हबवर (अनेक फॅन एकत्र जोडण्याच्या पेटीवर) आहेत का, हे प्रथम पाहावे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. अनेक मदरबोर्डांवर तापमान कमी असताना कॅबिनेटचा फॅन मुद्दाम थांबवून ठेवण्याची सोय असते. म्हणून संगणकावर दहा-पंधरा मिनिटे जड काम चालवून मगच फॅन बंद आहे असे म्हणावे.

## टप्पा २ : कॅबिनेट न उघडता बायोस तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबत राहिल्यास बायोस उघडते. फॅनची सेटिंग असूसच्या बोर्डांवर ‘क्यू-फॅन’, गिगाबाइटच्या बोर्डांवर ‘स्मार्ट फॅन’, एमएसआयच्या बोर्डांवर ‘हार्डवेअर मॉनिटर’ आणि एएसरॉकच्या बोर्डांवर ‘फॅन-टॅस्टिक ट्युनिंग’ या नावाखाली सापडते. तिथे प्रत्येक हेडरसाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे नियंत्रणाची पद्धत. तीन पिनांच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. त्याला ‘डीसी’ पद्धत लागते. चार पिनांच्या फॅनला १२ व्होल्ट अखंड मिळतात आणि वेगाची सूचना चौथ्या पिनेवरून जाते. त्याला ‘पीडब्ल्यूएम’ पद्धत लागते. तीन पिनांचा फॅन ‘पीडब्ल्यूएम’वर ठेवला तर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. चार पिनांचा फॅन ‘डीसी’वर ठेवला तर पुष्कळदा चालतो, पण कमी व्होल्टेजला सुरूच न होण्याचा संभव असतो, आणि टप्पा १ मधला झटका देऊन थांबणारा फॅन कित्येकदा यातलाच निघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फॅन कोणत्या तापमानाप्रमाणे फिरतो. पुढचा फॅन मदरबोर्डच्या सेन्सरला बांधलेला असेल, तर प्रोसेसर तापला तरी तो जागचा हलत नाही आणि आपण त्याला उगाच दोष देतो. तिसरी गोष्ट म्हणजे थांबण्याची परवानगी. ‘फॅन स्टॉप’ किंवा शून्य आरपीएमची सोय चाचणीपुरती बंद करावी.

हे पाहून झाले की कॅबिनेटच्या सर्व हेडरांवर ‘फुल स्पीड’ लावावे, बदल जतन करावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. फॅन फिरू लागला, तर दोष सेटिंगमध्ये होता आणि कॅबिनेट उघडण्याची गरजच उरली नाही. फिरला नाही, तरी पुढच्या चाचण्या होईपर्यंत ‘फुल स्पीड’ तसेच ठेवावे.

तपासा : बायोसमधली तारीख आणि वेळ बरोबर आहे का? चुकलेली असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी उतरलेली आहे. चाकरमान्यांच्या घरात शिमगा ते गणपती बंद राहणाऱ्या संगणकात हे हमखास आढळते : बॅटरी संपते, बायोस मूळ सेटिंगवर जाते आणि मागच्या वेळी नीट लावलेला फॅन यंदा “बिघडतो”. अशा वेळी आधी बॅटरी बदलावी, मग सेटिंग पुन्हा लावावी.

विंडोजमध्ये फॅनचा वेग बदलणारी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी चालत असतील, तर दोन्ही काढून टाकून मगच पुढे जावे.

## टप्पा ३ : उघडा, पाहा, हाताने फिरवा

वर सांगितल्याप्रमाणे वीज तोडून कॅबिनेटची बाजू काढावी आणि कशालाही हात लावण्यापूर्वी सर्व वायरांचे मोबाईलवर तीन-चार फोटो घ्यावेत. टॉर्चच्या उजेडात पात्यांच्या मागे-पुढे पाहावे. सुटलेली वायर पात्याला टेकलेली असणे हे नेहमीचेच. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते : चिऱ्याच्या भिंतीची तांबूस धूळ दमट हवेने चिकट होऊन पात्यांवर साचते, जाळीतून पाल आत जाऊन मरून पडते, आणि पावसाळा सरल्यावर कुंभारीण माशी फॅनच्या चौकटीत मातीचे घर बांधते. ती माती पाण्याने भिजवू नये. कोरडीच टूथपिकने सोडवून काढावी आणि खडे मदरबोर्डवर पडू नयेत म्हणून खाली कागद धरावा.

मग पात्याला बोटाने हलकी टिचकी मारावी. चांगला फॅन काही फेरे घेऊन सावकाश थांबतो. लगेच अडणारा, खरखरणारा किंवा पाती वर-खाली डुलणारा फॅन बेअरिंगने गेलेला असतो. स्टिकरखाली तेलाचा थेंब सोडण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. साध्या स्लीव्ह बेअरिंगवर तो काही आठवडे चालतो, पण त्या तेलाला धूळ धरते, म्हणून नवा फॅन येईपर्यंतची सोय एवढेच त्याचे स्थान मी मानतो.

इशारा : ब्लोअरने धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या जोराने फॅन मर्यादेपलीकडे फिरला तर बेअरिंगला इजा होते, आणि फिरणारी मोटर उलट वीज तयार करून ती हेडरकडे पाठवू शकते.

## टप्पा ४ : प्लग कुठे आणि कसा बसला आहे

मदरबोर्डवर हेडरांच्या शेजारी बारीक अक्षरांत नावे छापलेली असतात : ‘सीपीयू फॅन’, ‘सीपीयू ऑप्ट’, ‘सीएचए फॅन’ किंवा ‘सिस फॅन’, आणि काही बोर्डांवर ‘पंप’. कॅबिनेटचे फॅन ‘सीएचए’ किंवा ‘सिस’ हेडरवर असावेत. ‘सीपीयू फॅन’ हे हेडर प्रोसेसरच्या कूलरसाठी राखीव ठेवावे. तिथे आरपीएम दिसली नाही की अनेक संगणक सुरू होतानाच त्रुटी दाखवून थांबतात.

पहिली पिन अर्थ, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी गतीची आणि चौथी वेगनियंत्रणाची, असा पिनांचा क्रम असतो. हेडरच्या मागे प्लॅस्टिकची उभी पट्टी असते. ती पहिल्या तीन पिनांच्या मागे येते, त्यामुळे तीन छिद्रांचा प्लग चार पिनांच्या हेडरवर पट्टीला धरून बसतो आणि चौथी पिन मोकळी राहते. हे असेच अपेक्षित आहे. प्लगवरच्या दोन बारीक कडा पट्टीच्या दोन्ही अंगांना घट्ट बसल्या आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे.

इशारा : दिव्यांच्या फॅनला दोन वायरी असतात : एक फिरण्याची, दुसरी प्रकाशाची. प्रकाशाची वायर फॅनच्या हेडरवर चालत नाही. त्यातही एआरजीबी दिवे ५ व्होल्टचे आणि साधे आरजीबी १२ व्होल्टचे असतात. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर जोडले तर ते जळतात. प्लग बळ लावून बसवावा लागत असेल, तर तो तिथला नाही असे समजावे.

स्प्लिटर असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. स्प्लिटरवरील एकाच फॅनची गती मदरबोर्डला कळते, बाकीच्यांची पिन मुद्दाम वगळलेली असते, त्यामुळे त्यांचे आरपीएम न दिसणे हा दोष नाही. दुसरी गोष्ट भाराची. साध्या हेडरवर बहुधा १ अँपिअर म्हणजे १२ वॉट चालतात. फॅनच्या मधल्या स्टिकरवर त्याचा अँपिअरचा आकडा छापलेला असतो. ०.३ अँपिअरचे तीन फॅन एका हेडरवर चालतील. चौथा लावला की बेरीज १.२ होते आणि हेडर धोक्यात येते. जास्त फॅनांसाठी एसएमपीएसवरून थेट वीज घेणारा हब वापरावा, आणि हब असेल तर त्याची विजेची (साटा किंवा मोलेक्स प्लगची) वायर एसएमपीएसला जोडलेली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या एका घरात पाच फॅन एकदम बंद पडले होते. सफाई करताना हबचा साटा प्लग सुटला होता, एवढेच कारण निघाले.

## टप्पा ५ : अदलाबदलीची चाचणी

साऱ्या क्रमाचा कणा हाच टप्पा आहे. तो अर्धा करून सोडू नये. समजा, पुढचा फॅन ‘सिस फॅन १’ वर आहे आणि फिरत नाही. मागचा ‘सिस फॅन २’ वर आहे आणि फिरतो. दोन्ही हेडर बायोसमध्ये ‘फुल स्पीड’वर आहेत याची पुन्हा खात्री करावी. स्प्लिटर असेल तर तो चाचणीपुरता काढावा आणि फॅन थेट बोर्डवर लावावेत.

अ) वीज तोडून मागच्या फॅनचा प्लग काढावा आणि त्याच्या जागी, म्हणजे ‘सिस फॅन २’ वर, बंद फॅन जोडावा. वायर पुरत नसेल तर फॅनचे चार स्क्रू काढून फॅन बाहेर घ्यावा आणि पुठ्ठ्यावर आडवा ठेवावा. उघड्या बोर्डवर ठेवू नये. संगणक सुरू करून काय होते ते लिहावे.

आ) पुन्हा वीज तोडून चांगला फॅन ‘सिस फॅन १’ वर जोडावा. सुरू करून पुन्हा लिहावे.

आता कागदावर दोन उत्तरे आहेत. बंद फॅन चांगल्या हेडरवर फिरला आणि चांगला फॅन संशयित हेडरवर थांबला, तर फॅन निर्दोष आहे. पुढचे दोन टप्पे हेडरसाठी करावेत. बंद फॅन चांगल्या हेडरवरही थांबला आणि चांगला फॅन दोन्हीकडे फिरला, तर फॅन किंवा त्याची वायर गेली. नवा फॅन घेण्याचा निर्णय आता आधाराने घेता येतो. दोन्ही चाचण्यांत फॅन थांबलेलाच राहिला, तर टप्पा २ मधली सेटिंग जतनच झालेली नसण्याचा संभव अधिक, म्हणून तिथे परत जावे.

चौथा निकाल फसवा असतो : दोन्ही फॅन दोन्हीकडे फिरतात. लोक इथे आनंदाने कॅबिनेट बंद करतात. पण काहीच बदलले नसताना फॅन फिरला, याचा अर्थ प्लग काढण्या-घालण्यात पिना घासल्या गेल्या आणि संपर्क तात्पुरता जमला. किनाऱ्यालगतच्या घरांत मला हाच निकाल सर्वाधिक मिळाला आहे, आणि पुढचा टप्पा न करता सोडलेला संगणक थोड्याच दिवसांत परत आला आहे.

## टप्पा ६ : पिनांवरचा खार

समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वर असते, म्हणजे पिनेवर बसलेला मिठाचा कण कोरडा राहतच नाही; त्याचा खारा ओलावा धातू खात राहतो.

प्लग काढून टॉर्चच्या उजेडात मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पिनांचा फोटो घ्यावा. चांगली पिन चकचकीत आणि चारही अंगांनी सारखी दिसते. बाधलेल्या पिनेवर राखाडी, पांढुरकी भुकटी असते, आणि बुडाशी, जिथे ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये शिरते तिथे, पितळी भांड्यावरच्या कळंकासारखी हिरवट कड दिसते. ही कड नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. फोटोत मात्र स्पष्ट येते.

टूथब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून झटकावा आणि प्रत्येक पिन बुडापासून टोकाकडे घासावी. आडवे घासल्यास पिन वाकते. बुडाची हिरवी कड टूथपिकच्या टोकाने सोडवावी. प्लगच्या आत ब्रश जात नाही, म्हणून त्याच्या छिद्रांत अल्कोहोलचा एक-एक थेंब सोडून प्लग हेडरवर पाच-सहा वेळा काढावा आणि घालावा. शेवटी प्लग काढून दोन्ही भाग उन्हाळ्यात वीस मिनिटे, पावसाळ्यात किमान तासभर पंख्याखाली सुकू द्यावेत.

इशारा : अल्कोहोल भडकन पेट घेते. समई, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला असेल त्या खोलीत हे काम करू नये.

पिना पॉलिश पेपरने घासू नयेत. वरचा कथलाचा मुलामा निघून आतले पितळ उघडे पडते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पिन अधिक वेगाने खराब होते. रॉकेल, खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल लावू नये. ते धूळ धरून ठेवते. प्लग स्वच्छ करूनही ढिला बसत असेल, तर त्याच्या आतली धातूची पकड गेलेली असते आणि त्या फॅनची वायर किंवा फॅनच बदलणे योग्य.

सफाईनंतर टप्पा ५ पूर्ण पुन्हा करावा.

## टप्पा ७ : मल्टीमीटरने हेडर पाहा

हा टप्पा हात स्थिर असणाऱ्यांसाठीच आहे. वीज तोडून फॅनचा प्लग काढावा, मग संगणक सुरू करून मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. काळी सळई कॅबिनेटच्या उघड्या धातूला, म्हणजे एखाद्या स्क्रूला, टेकवावी. ती हेडरच्या पहिल्या पिनेवर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण दोन सळया शेजारच्या पिनांवर असताना घसरल्या की शॉर्ट होते. लाल सळई दुसऱ्या पिनेच्या टोकावर हलकेच ठेवावी. ‘फुल स्पीड’वर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले तर हेडरला वीज आहे. शून्य दिसले आणि शेजारच्या हेडरवर १२ दिसले, तर ते हेडर गेले. ते दुरुस्त करण्याच्या मागे लागू नये. त्यावर चिकटपट्टी लावून बाद ठरवावे आणि फॅन दुसऱ्या हेडरवर किंवा हबवर न्यावा. एक हेडर जाणे म्हणजे मदरबोर्ड जाणे नव्हे.

## टप्पा ८ : परत बसवणे आणि नोंद

फॅनची उघडी बाजू हवा ओढते. मोटर धरणारे आडवे हात आणि स्टिकर ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचा फॅन हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा बसवावा. खात्रीसाठी वर्तमानपत्राची बोटभर पट्टी जाळीसमोर धरावी : पुढे ती जाळीकडे ओढली गेली पाहिजे, मागे ती दूर उडाली पाहिजे. वायरी केबल टायने चौकटीला बांधाव्यात.

बायोसमध्ये ‘फुल स्पीड’ काढून योग्य पद्धत आणि नेहमीचा वेग लावावा. किमान वेग असा ठेवावा की संगणक थंड असतानाही फॅन नक्की सुरू होईल. दहा वेळा बंद-चालू करून पाहिल्याखेरीज मी तो आकडा कायम करत नाही. कॅबिनेट पश्चिमेच्या खिडकीखाली असेल, तर ते आतल्या भिंतीकडे हलवावे, आणि पावसाळ्यात संगणक वापरात नसला तरी एक दिवसाआड तासभर चालू ठेवावा, म्हणजे आतली हवा उबदार राहून ओलावा धरत नाही.

शेवटी प्रत्येक हेडरचे नाव, त्यावरचा फॅन, त्याची पद्धत, ‘फुल स्पीड’वरचे आरपीएम आणि आजची तारीख एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी त्याच फॅनचे आरपीएम या आकड्यापेक्षा बरेच खाली आलेले दिसले, तर टप्पा ३ मधल्या बेअरिंगच्या तपासणीपासून सुरुवात करावी.